ब्रिज की राऊटर? दोन लॅन कार्डांची गोष्ट

हॉस्टेलवर तीन गोष्टी गेल्या की बोंबाबोंब होते : पाणी, लाईट आणि नेट. पाणी गेलं तर टँकर येतो. लाईट गेली तर निदान कारण तरी कळतं. नेट गेलं की मात्र प्रत्येकाकडे वेगळं निदान तयार असतं. कुणी म्हणतं सर्व्हर डाऊन आहे, कुणी म्हणतं रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली, कुणी सरळ रेक्टर सरांनीच बंद केलं म्हणून मोकळा होतो. आणि नेमकी त्याच दिवशी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असते. खरं कारण मात्र बऱ्याचदा आपल्याच मजल्यावर, कुणाच्या तरी कॉटखाली, एका छोट्याशा डब्यात दडलेलं असतं.

तो डबा काय करतो हे समजायचं असेल तर आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. समजा, एका जुन्या पीसीत दोन लॅन कार्डं आहेत. एका कार्डाला ए ब्लॉकची वायर, दुसऱ्याला बी ब्लॉकची. दोन्ही ब्लॉक एकमेकांशी बोलले पाहिजेत. मार्ग दोन आहेत. एक, दोन्ही कार्डांचा ब्रिज करायचा. दुसरा, एका कार्डावरून आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवायचं, म्हणजे फॉरवर्डिंग करायचं. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, कारण दोन्हीत पिंग चालतो. फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर.

मिरज जंक्शनवर काय व्हायचं?

मिरज स्टेशनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेपर्यंत आली, पण पुढे बेळगाव-लोंढ्याकडचा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होता. त्यामुळे मुंबईहून रेल्वेने गोव्याला निघालेला माणूस मिरजेला उतरायचा आणि सामान घेऊन दुसऱ्या गाडीत बसायचा. मालाचंही तेच. इकडच्या वॅगनमधून उतरवायचा, तिकडच्या वॅगनमध्ये चढवायचा. वॅगन बदलली, माल तोच. मालावरचा शेवटचा पत्ताही तोच.

राऊटर हेच करतो. वायरवरून येते ती फ्रेम, म्हणजे वॅगन. तिच्या आत असतं आयपी पॅकेट, म्हणजे माल. राऊटर फ्रेम उघडून पॅकेट बाहेर काढतो, त्यावरचा पत्ता वाचतो, कोणत्या कार्डावरून पाठवायचं ते ठरवतो आणि नवीन फ्रेममध्ये भरून पाठवतो. फ्रेमवरचे मॅक ॲड्रेस बदलतात, पॅकेटवरचे आयपी ॲड्रेस तसेच राहतात.

ब्रिज वॅगन उघडतच नाही. आली तशी पलीकडच्या रुळावर सोडून देतो. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मध्ये कुणी आहे याचा पत्ताही लागत नाही. ए आणि बी ब्लॉक ब्रिजने जोडले की ते नेटवर्कच्या दृष्टीने दोन राहत नाहीत, एकच होतात.

पत्ते दोन, स्वभाव दोन

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो. त्यातून कार्ड कुणी बनवलं हे कळेल, पण ते कुठे आहे हे कळणार नाही. मोटारसायकलच्या इंजिन नंबरसारखं समजा. इंजिन नंबर वाचून गाडी आत्ता कराडात आहे की तासगावात, हे कोण सांगणार?

आयपी ॲड्रेस पिनकोडसारखा. आपली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पोस्ट खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृत कवी आणि नाटककारही होते. साताऱ्याचा पिन ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. दिल्लीत पत्रं वेगळी करणाऱ्याला सांगलीतली गल्ली माहीत असायची गरज नाही. पहिला अंक ४ दिसला की पत्राची दिशा ठरते, ४१६ दिसलं की जिल्ह्याच्या पातळीवरचं ठिकाण ठरतं. गल्लीचं काम सांगलीचा पोस्टमन बघेल.

राऊटिंग टेबल असंच चालतं. १९२.१६८.१०.० चं नेटवर्क या कार्डाकडे, १९२.१६८.२०.० चं त्या कार्डाकडे, बाकी सगळं गेटवेकडे. तीन ओळींत जगाचा हिशेब. ब्रिजला अशी सोय नाही. त्याला एकेक मॅक ॲड्रेस वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

तो ते शिकतो कसं? ईथ० वरून एखादी फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा मॅक बघून नोंद करतो : 'हा गडी या बाजूला आहे.' लिनक्समध्ये ही नोंद साधारणपणे ३०० सेकंद राहते. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी फ्रेम आली तर? ब्रिज ती आलेली बाजू सोडून बाकी सगळीकडे सोडतो. याला म्हणतात फ्लडिंग. सांगलीकरांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको! ब्रॉडकास्ट फ्रेम तर नेहमीच सगळीकडे जाते.

प्रत्यक्ष करू या

मराठी विभागात रोमन लिपी नको म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीसारख्या, आणि रूट होऊन. जुन्या पुस्तकांत बीआरसीटीएल ही कमांड सापडेल, आता तिचं काम 'आयपी' आणि 'ब्रिज' या दोन कमांड करतात.

ब्रिजसाठी :

१) 'आयपी लिंक ॲड बीआर० टाइप ब्रिज'. यामुळे बीआर० नावाचा ब्रिज तयार होतो.
२) 'आयपी लिंक सेट ईथ० मास्टर बीआर०'. असंच ईथ१ साठी. दोन्ही कार्डं ब्रिजच्या ताब्यात गेली.
३) 'आयपी लिंक सेट बीआर० टाइप ब्रिज एसटीपी_स्टेट १'. हे का, ते पुढे येतंय.
४) ईथ०, ईथ१ आणि बीआर० तिघांनाही 'अप' करा.

इथे हमखास एक घोळ होतो. ईथ० ला आधी दिलेला आयपी तसाच ठेवला जातो आणि मग पीसी कुणाशीच नीट बोलत नाही. कार्ड ब्रिजमध्ये गेलं की ते नुसतं पोर्ट उरतं. आयपी काढायचा आणि बीआर० ला द्यायचा. दुसरं, एसटीपी चालू केल्यावर पहिली ३० सेकंद ब्रिज काहीच पुढे सोडत नाही. पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो. घाईत वायरी उपसू नका.

फॉरवर्डिंगसाठी :

१) दोन्ही कार्डांना वेगवेगळ्या नेटवर्कचे आयपी द्या. ईथ० ला १९२.१६८.१०.१, ईथ१ ला १९२.१६८.२०.१, दोन्हीकडे मास्क २४ बिटांचा.
२) सिस-सीटीएल वापरून 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' ची किंमत १ करा. मुळात ती ० असते, म्हणजे दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतो.
३) ए ब्लॉकच्या मशीनना गेटवे १९२.१६८.१०.१ द्या, बी ब्लॉकच्या मशीनना १९२.१६८.२०.१.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे परतीचा रस्ता. बी ब्लॉकमधून पॅकेट आपल्या पीसीतून ए ब्लॉकच्या वरच्या मुख्य राऊटरपर्यंत जातं, पण १९२.१६८.२०.० कुठे आहे हे त्या राऊटरला ठाऊकच नसतं. उत्तर परत येत नाही आणि आपण जाणाऱ्या वायरीवर शंका घेत बसतो. उपाय दोन : मुख्य राऊटरवर परतीचा राऊट टाकायला सांगा, किंवा आपल्या पीसीवर नॅट लावा. नॅट म्हणजे सगळ्यांची पत्रं आपल्या नावाने पाठवायची आणि आलेली उत्तरं ज्याची त्याला वाटायची. मोबाईलचा हॉटस्पॉट हेच करतो.

वरच्या सगळ्या कमांड मशीन रीस्टार्ट झालं की पुसल्या जातात. नीट चाललं तरच नेटवर्क मॅनेजर किंवा नेटप्लॅनच्या फाईलमध्ये कायम करा.

अडलं तर टीसीपीडंप आधी एका कार्डावर चालवा, मग दुसऱ्यावर. आत येताना दिसतंय पण बाहेर जाताना नाही, तर दोष आपल्या पीसीत. दोन्हीकडे दिसतंय तर पुढे शोधा. लॅबमधल्या मशीनवर डॉकर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनचं धोरण 'ड्रॉप' करून ठेवतो. त्यामुळे राऊटिंग बरोबर असूनही पॅकेट मरतात, आणि कधीकधी ब्रिजवरून जाणारेसुद्धा. शिवाय लॅपटॉपचं वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायचा हट्ट धरू नका. ॲक्सेस पॉइंट फक्त त्याच्याशी जोडलेल्या मॅककडून आलेल्या फ्रेम घेतो, मागच्या मशीनच्या घेत नाही. तिथे फॉरवर्डिंग आणि नॅटच.

चकवा

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. लिनक्स तो ६४ ने सुरू करतो, प्रत्येक राऊटर त्यातला एक कमी करतो, शून्य झाला की पॅकेट फेकून देतो. राऊटिंग चुकून पॅकेट गोल फिरायला लागलं तरी थोड्या वेळात संपतं.

इथरनेट फ्रेमला असा आकडाच नाही. आता कल्पना करा की दोन स्विचमध्ये एक वायर आहे आणि 'एक तुटली तर दुसरी असू दे' म्हणून कुणी दुसरी वायर लावली. एक ब्रॉडकास्ट फ्रेम एका वायरीने गेली, दुसऱ्या वायरीने परत आली, पुन्हा गेली. चकवा लागल्यासारखी ती फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांवर तिच्या प्रती निघतात. १०० मेगाबिटच्या वायरीवर सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १,४८,८०९ जाऊ शकतात. काही क्षणांत वायर तेवढी भरते. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात, आणि नेट मात्र शून्य.

यावर उपाय शोधला रेडिया पर्लमन यांनी, १९८५ मध्ये, डीईसी कंपनीत असताना. तो उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, आपली वरची तिसरी पायरी. ब्रिज एकमेकांशी बोलून जादा रस्ते स्वतःच बंद ठेवतात, चालू रस्ता तुटला तरच उघडतात. लिनक्सच्या ब्रिजमध्ये हे मुळात बंद असतं, आणि कॉटखालच्या स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसतंच.

पण एसटीपी म्हणजे अमृत नव्हे. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्राएल डिकॉनेस या मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क असंच कोसळलं. ब्रिजला ब्रिज जोडत नेटवर्क इतकं लांबलं होतं की स्पॅनिंग ट्रीची सात टप्प्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि वाढत्या ट्रॅफिकखाली लूप तयार झाले. सुमारे चार दिवस डॉक्टर-नर्सना कागदावर काम करावं लागलं. नंतर त्या नेटवर्कची राऊटिंगच्या आधारे नव्याने बांधणी झाली.

एकाच डब्यात दोघे

आता कॉटखालच्या डब्याकडे येऊ. घरगुती वायफाय राऊटरच्या मागे पाहा. चार भोकं एका रंगाची, लॅनची. एक वेगळ्या रंगाचं, वॅनचं. चार लॅन पोर्ट आणि वायफाय यांचा आत ब्रिज असतो. लॅन आणि वॅन यांच्यामध्ये मात्र फॉरवर्डिंग आणि नॅट. म्हणजे या एका डब्यात आपल्या लेखाचे दोन्ही नायक नांदतात.

भिंतीतली वायर वॅनमध्ये घातली तर डबा राऊटर म्हणून वागतो. त्याचं जे काय बरंवाईट असेल ते खोलीतच राहतं. तीच वायर लॅनमध्ये घातली तर डबा ब्रिज होतो आणि त्याच्यातला डीएचसीपी सर्व्हर अख्ख्या हॉस्टेलला आयपी वाटायला बसतो. डीएचसीपीची विचारणा ब्रॉडकास्ट असते, साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येईल ते मशीन घेतं. डबा जवळ आहे, उत्तर झटकन देतो. मग शेजारच्या खोल्यांतल्या मशीनना आयपी मिळतो १९२.१६८.१ वाला आणि गेटवे म्हणून हा डबा, ज्याच्या वॅनमध्ये वायरच नाही. रस्ता संपला! डबा तोच, वायर तीच, भोक तेवढं चुकलं.

म्हणून नेट गेलं की आधी आपला आयपी बघा. नेहमी १० ने सुरू होणारा आज १९२.१६८ ने सुरू होत असेल तर शोध मजल्यावरच घ्या. गेटवेचा मॅक ॲड्रेस लिहून नेटवर्क बघणाऱ्या सरांना द्या. मॅनेज्ड स्विचवर तो कोणत्या पोर्टवर आहे हे त्यांना मिनिटभरात कळतं. डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय चालू केली तर असे डबे उत्तर देऊच शकत नाहीत. ही विनंती आपण सर्वांनी मिळून जरूर करावी.

मग निवडायचं काय?

व्हर्च्युअल मशीनला लॅबच्या नेटवर्कवर स्वतःचा आयपी हवा असेल, एकाच खोलीतला प्रिंटर सगळ्यांना आपोआप सापडायला हवा असेल, तर ब्रिज उत्तम. थोडी मशीन, जवळची मशीन, एकमेकांवर विश्वास असलेली मशीन.

पण समजा, एका संस्थेची एक कचेरी साताऱ्यात आणि एक सांगलीत आहे, मध्ये व्हीपीएन. तिथे ब्रिज केला तर साताऱ्यात कुणी आपल्या शेजारच्या प्रिंटरचा मॅक विचारला तरी ती हाक शंभरावर किलोमीटर चालून सांगलीत ऐकू येणार. आणि साताऱ्यात लूप झाला की सांगलीही बंद. फॉरवर्डिंग केलं तर सांगलीचं असेल तेवढंच सांगलीला जाईल, साताऱ्याचा गोंधळ साताऱ्यात राहील. ए ब्लॉक आणि बी ब्लॉकचंही तेच.

थोडक्यात, ब्रिज करताना आपण नुसत्या वायरी जोडत नाही, दोन्हीकडची संकटंही एक करतो. ज्यांचं एकत्र बुडालेलं चालेल त्यांनाच ब्रिजने जोडावं. बाकीच्यांमध्ये राऊटर असू द्यावा. बांध घातला म्हणून शेजारधर्म मोडत नाही, उलट टिकतो.

तेव्हा मंडळी, प्रयोग जरूर करा. जुना पीसी आणि दोन लॅन कार्डं मिळवा, आपली दोन-तीन मशीन वेगळी जोडून मुद्दाम लूप करून बघा, दिवे कसे लुकलुकतात ते पाहा आणि एसटीपी चालू करून थांबवा. फक्त भिंतीतल्या सॉकेटला हात लावण्याआधी नेटवर्कच्या सरांना विचारा. त्या सॉकेटच्या पलीकडे कुणाचा तरी परीक्षेचा फॉर्म अर्धा भरून झालेला असतो.