व्हीलचेअर-सुगम्य घरगुती क्रीडांगण

व्हीलचेअर-सुगम्य घरगुती क्रीडांगण म्हणजे घराच्या परसात बांधलेले असे छोटे मैदान, जिथे व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला कुणाच्या मदतीविना आत जाता येते, खेळता येते आणि बाहेर पडता येते. अमेरिकेच्या उपनगरांत परसातील क्रीडांगणे रूढ आहेत. पिकलबॉल हा खेळच १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर एका घराच्या परसातील जुन्या बॅडमिंटन मैदानावर जन्माला आला. अशा मैदानांवर काँक्रीट किंवा डांबराऐवजी अनेकदा कृत्रिम हिरवळ अंथरली जाते. व्हीलचेअरच्या दृष्टीने या हिरवळीची निवड हा बांधकामातील सर्वांत नाजूक निर्णय ठरतो, कारण पायांना जे मऊ आणि सुखद वाटते तेच चाकांना जड जाते.

पृष्ठभाग आणि चाक

कृत्रिम हिरवळीचा पहिला मोठा वापर १९६४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील मोझेस ब्राउन शाळेत झाला. १९६६ मध्ये ती ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अंथरली गेली आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रुळले. सुरुवातीची हिरवळ आखूड नायलॉन पात्यांची होती. पुढे फुटबॉलसाठी ४० ते ६० मिलिमीटर लांब पात्यांची, मध्ये वाळू व रबराचे कण भरलेली हिरवळ आली. मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्याने मिळणारी ‘टर्फ’ मैदाने बहुधा याच प्रकारची असतात. धावणाऱ्याच्या गुडघ्यांना ती सोसते. व्हीलचेअरची पुढची छोटी, कठीण चाके मात्र तिच्यात रुततात. सरळ जाताना लागणाऱ्या जोरापेक्षा वळताना लागणारा जोर अधिक असतो आणि हा सगळा भार खांद्यांवर येतो. जे खांदे खेळात थकतात, त्यांच्यावरच खेळाडूचे दिवसभराचे हिंडणे-फिरणे आणि खुर्चीतून पलंगावर जाणेही अवलंबून असते.

अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार पृष्ठभाग स्थिर, घट्ट आणि न घसरणारा असावा लागतो. गालिच्याच्या तंतूंची उंची १३ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. हा नियम हिरवळीसाठी लिहिलेला नसला तरी मोजमाप म्हणून उपयोगी आहे. एएसटीएम एफ १९५१ ही चाचणी मुलांच्या खेळसाधनांखालील पृष्ठभागांसाठी आहे. तिच्यात खुर्ची सरळ ढकलण्यास व वळवण्यास लागणारे कार्य मोजतात. ते १:१४ चढणीवर लागणाऱ्या कार्यापेक्षा कमी भरले तरच पृष्ठभाग उत्तीर्ण होतो. विक्रेत्याकडे या चाचणीचा अहवाल मागणे हे रंगीत माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

नैसर्गिक गवताचा अनुभवही हेच सांगतो. व्हीलचेअर टेनिस १९९२ पासून पॅरालिम्पिकमध्ये पदकांचा खेळ आहे. तरी विम्बल्डनमध्ये व्हीलचेअर एकेरी सुरू व्हायला २०१६ साल उजाडले.

पाया

चांगली हिरवळही ढिल्या पायावर निरुपयोगी ठरते. माती खणून जिओटेक्स्टाइल कापड अंथरतात, त्यावर खडीचे थर एकेक करून रोलरने दाबतात आणि शेवटी बारीक कचेने पातळी साधतात. खडीचा पाया काही वर्षांनी जागोजागी खचू शकतो, म्हणून व्हीलचेअरसाठी काँक्रीटचा पाया अधिक भरवशाचा. मात्र त्यात पाणी मुरत नसल्याने उतार द्यावाच लागतो. हा उतार साधारण १ टक्का आणि एकाच दिशेने असतो. मानकांत आडव्या उताराची कमाल मर्यादा १:४८ असली तरी तेवढ्या उतारावर खुर्ची सतत खालच्या बाजूस ओढली जाते आणि एका हाताला जास्त श्रम पडतात.

हिरवळ आखूड व दाट पात्यांची असावी. वाळू भरायची तर ती पात्यांत घट्ट बसेल इतकीच भरून ब्रशने समान पसरवतात. सैल वाळू छोट्या चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते. रबरी कणांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: युरोपीय संघाने सूक्ष्म प्लास्टिकविषयीच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा कणांची विक्री २०३१ पासून बंद करण्याचे ठरवले आहे. पट्ट्यांचे जोड सपाट चिकटवणे आवश्यक असते. उचकटलेल्या जोडात छोटे चाक अडकले की खुर्ची पुढे कलंडते.

आकार आणि प्रवेश

टेनिसचे मैदान २३.७७ × १०.९७ मीटर असते आणि भोवतालची मोकळी जागा धरता ते बहुतेक परसांत मावत नाही. पिकलबॉलचे मैदान १३.४१ × ६.१० मीटर असते. परंतु व्हीलचेअरच्या खेळासाठी मोकळ्या जागेसह २२.५६ × १३.४१ मीटर जागेची शिफारस आहे, कारण दोन टप्पे घेण्याची मुभा असलेला खेळाडू चेंडूमागे दूरवर जातो आणि खुर्ची वळवायलाही जागा लागते. हिरवळीवर पिकलबॉलचा पोकळ चेंडू मंद उसळतो, हा तोटा मान्य करूनच पुढे जावे लागते. बोचा या खेळाला गुळगुळीत, कठीण जमीन लागते, त्यामुळे त्यासाठी हिरवळ गैरसोयीचीच.

फाटकाची रुंदी ही हमखास होणारी चूक आहे. मानकांतील किमान ८१५ मिलिमीटर रुंदी रोजच्या खुर्चीला पुरते. खेळाच्या खुर्चीची चाके खाली बाहेरच्या बाजूला फाकलेली असल्याने ती त्यातून जाईलच असे नाही. मैदान बांधण्यापूर्वी खेळाडूची स्वतःची खुर्ची मोजणे हाच उपाय. उंबरठा नसावा, हिरवळ व वाट एकाच पातळीत असावी. वाटेचा चढ १:२० पेक्षा कमी ठेवल्यास ती उतरंड मानली जात नाही. उतरंडीची कमाल मर्यादा १:१२ आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना जोडणारी वाट हवी, अन्यथा बाजू बदलताना जाळीपाशी अडणे आले.

उष्णता

उन्हात कृत्रिम हिरवळीचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तींना इजेच्या खालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे शरीर थंड राहत नाही. त्वचेची संवेदना गेली असेल तर पडल्यावर भाजल्याचेही कळत नाही. पाणी फवारल्याने तापमान थोडाच वेळ उतरते. म्हणून सावलीचा कोपरा, हाताशी पाणी आणि फिकट रंगाची हिरवळ यांची तरतूद आराखड्यातच करतात.

कायदेशीर स्थिती

अमेरिकन अपंगत्व कायदा (१९९०) खाजगी घरांना सामान्यतः लागू नाही, त्यामुळे वरील मानके घरमालकावर बंधनकारक नसून मार्गदर्शक आहेत. भाडेकरूची स्थिती वेगळी आहे: १९८८ च्या दुरुस्तीनंतर न्याय्य गृहनिर्माण कायद्यानुसार अपंग भाडेकरूला घराचा पूर्ण उपभोग घेण्यासाठी आवश्यक ते वाजवी फेरफार स्वखर्चाने करण्याची मुभा घरमालकाला नाकारता येत नाही. परसात जाणारी उतरंड या तरतुदीत सहज बसते.