लवंगेचं तेल आणि उरलेला भात

दातांच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो, तो लवंगेच्या तेलातल्या युजेनॉल या द्रव्याचा. ओव्याचा झणका थायमॉलचा, तर दालचिनीचा गोडसर दरवळ सिनॅमाल्डिहाइडचा. ही उडून जाणारी सुगंधी तेलं वनस्पती आपल्या जिभेसाठी बनवत नाहीत. कीड, बुरशी आणि जिवाणू यांना दूर ठेवायला ती त्यांच्या कामी येतात. मग हीच तेलं आपलं अन्न राखतील का? रासायनिक परिरक्षकांऐवजी काही नैसर्गिक हवं, अशी मागणी वाढल्यापासून अन्नशास्त्रज्ञ हा प्रश्न तपासत आहेत.

आधी ही तेलं काम कशी करतात ते पाहू. जिवाणू म्हणजे एकच पेशी. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ पटल असतं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय सोडायचं, हे तेच ठरवतं. थायमॉल किंवा युजेनॉल या स्निग्ध पटलात सहज मिसळतं आणि त्याची वीण सैल करतं. मग आतले क्षार बाहेर झिरपतात, ऊर्जा तयार होणं थांबतं आणि जिवाणू मरतो. ई. कोलाय, साल्मोनेला यांच्याभोवती मात्र आणखी एक आवरण असतं. त्यामुळे ते सहसा जास्त चिवट ठरतात.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हे छान दिसून येतं. अन्नात मात्र गणित बदलतं. तिथली चरबी आणि प्रथिनं हे तेल स्वतःकडे ओढून घेतात आणि जिवाणूंपर्यंत थोडंच पोहोचतं. म्हणून अन्नात त्याचं प्रमाण कितीतरी वाढवावं लागतं. पण तेवढं घातलं, तर पनीर दंतमंजनासारखं लागेल!

मसालेभातात लवंग-दालचिनी आहे, तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिला तरी चालेल, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात रुजतात आणि वाढतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष तर भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही.

लसणाचंही तसंच. जिवाणूंना मारक म्हणून त्याची ख्याती मोठी. तरीही १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे एका उपाहारगृहात तेलात ठेवलेला चिरलेला लसूण खाऊन ३६ जणांना बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा झाली. तो लसूण थंड जागी ठेवलेला नव्हता. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि या रोगाच्या जिवाणूला नेमकी हवा नसलेली जागाच मानवते.

मग आपलं लोणचं कसं टिकतं? एकट्या मोहरीमुळे नव्हे. भरपूर मीठ, कैरीचा आंबटपणा, मोहरीचा झणका आणि कोरडी, स्वच्छ बरणी असे अनेक अडथळे जिवाणूंपुढे एकदम उभे राहतात. सुगंधी तेलांची खरी जागा हीच, अनेक अडथळ्यांपैकी एक. थंडावा आणि आम्लता यांच्या जोडीला ती थोडी वापरली, तर चव न बिघडवता उपयोगी पडू शकतात. वेष्टनातून हळूहळू त्यांची वाफ सुटत राहावी, असेही प्रयोग झाले आहेत.

घरी मात्र बाजारातली सुगंधी तेलाची बाटली अन्नात उपडी करू नये. लवंगेचं शुद्ध तेल लहान मुलाच्या पोटात गेलं, तर यकृताला इजा होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधल्या अंदाजानुसार, दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यावरचे उपाय साधेच आहेत. हात आणि भांडी स्वच्छ ठेवावीत, पाणी शुद्ध वापरावं, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवावं, अन्न नीट शिजवावं आणि उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं. एवढं केल्यावर फोडणीत लवंग जरूर टाकावी. ती चवीला आहेच, शिवाय थोडी राखणीलाही.