बोरिवलीच्या नावाची मुसळी

पावसाळा सुरू झाला की मुंबई-ठाण्याच्या बाजारांत आदिवासी बायकांच्या टोपल्यांत गवतासारख्या लांब पातींच्या जुड्या दिसू लागतात. कुणी तिला फोडशी म्हणते, कुणी कुली. बुंध्याकडचा पांढरा, जून भाग काढायचा, पाती तीन-चार पाण्यांतून धुवायची (माती फार असते!) आणि कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. भाजी झकास होते.

याच जातकुळीतली एक वनस्पती म्हणजे सफेद मुसळी. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. होय, आपली लोकलवाली बोरिवलीच! सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली आणि नावात बोरिवली कायमची बसली. गॅलरीतल्या कुंडीत लोंबणारा स्पायडर प्लांट हा तिचाच आफ्रिकेतला भाऊबंद.

मे महिन्यात जमिनीवर तिचा मागमूस नसतो. पहिल्या पावसात पाने येतात, मधल्या दांड्यावर सहा पाकळ्यांची इवली पांढरी फुले उमलतात आणि पाऊस सरला की पाने पिवळी पडून गळतात. मातीखाली मात्र बोटांएवढ्या मांसल मुळांचा झुबका जिवंत असतो. सोलून वाळवलेली ही मुळे म्हणजेच बाजारातली मुसळी. आयुर्वेदात ती बलवर्धक मानली जाते आणि शक्तिवर्धक औषधांसाठी तिला मोठी मागणी असते.

खरी अडचण इथेच आहे. पाने खुडली तर ती पुन्हा फुटतात. मुळांचे तसे नाही. प्रत्येक नवा कोंब मुळांच्या माथ्यावरच्या गड्ड्यातून येतो. सगळा झुबका उपटला की रोप संपले. बी पडण्याआधीच खणले तर बीही गेले, आणि हे बी मुळातच कमी उगवते. जास्त भावाच्या आशेने रानोरान हेच होत आले आणि मुसळी विरळ झाली.

मग शेती का करू नये? जरूर करावी, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थानात ती होतेही. पण 2000च्या आसपास लागवडीची मुळे महाग विकून ‘माल आम्हीच परत घेऊ’ म्हणणारे पुष्कळ निघाले, आणि विक्रीच्या वेळी त्यांतले कितीतरी दिसेनासे झाले. शिवाय एकेक मूळ चाकूने सोलायचे, आणि पाच-सहा किलो ओल्या मुळांची वाळून जेमतेम किलोभर मुसळी! मजुरीतच शेतकरी मेटाकुटीला येतो.

रानात खणणाऱ्याला मात्र एक गोष्ट फुकट करता येते. बी गळेपर्यंत थांबायचे आणि खणल्यावर माथ्याचा एक तुकडा, दोन-तीन मुळांसकट, त्याच खड्ड्यात पुरायचा. पुढच्या जूनमध्ये तिथे पुन्हा पाती दिसते.