मोलकरणीने कायद्याला जाब विचारला

राण्या-महाराण्यांची चरित्रे ढिगाने सापडतात. मालकाच्या घरी राबणारी बाई कायदेमंडळात जाऊन बसली आणि मालकांच्याच कायद्याला तिने आव्हान दिले, अशी उदाहरणे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. फिनलंडच्या मीना सिल्लानपॅ यांना आम्ही त्यात अग्रस्थान देतो.

१८६६ साली योकिओइनेन येथे गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते दिवस भीषण दुष्काळाचे. गावोगाव फिरणाऱ्या शाळेत मिळाली तेवढीच अक्षरओळख. बाराव्या वर्षी फोर्सा येथील कापड गिरणीत आणि अठराव्या वर्षी परक्याच्या स्वयंपाकघरात!

तेव्हा फिनलंडमध्ये १८६५ चा नोकरांविषयीचा कायदा लागू होता. करार वर्षाचा. मध्येच काम सोडून पळालेल्या नोकराला सरकारी बळाने परत आणता येई. कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. आम्ही कायद्याच्या पेशातली माणसे; अशा कागदाला करार म्हणायला आमची जीभ रेटत नाही. सही दोघांची असली, तरी दावे एकाच्याच गळ्यात होते.

मीनाबाई रडत बसल्या नाहीत. १८९८ साली हेलसिंकीत मोलकरणींची संघटना उभी राहिली, तिचे नेतृत्व त्यांनी पुढे कित्येक दशके केले. बेकार मुलींना निवारा, काम मिळवून देणारी कचेरी, स्वतःचे नियतकालिक, हे सगळे त्यांनी उभे केले. मत मागण्याआधी त्यांनी माणसे बांधली, हे आमच्या मते महत्त्वाचे.

१९०५ च्या सार्वत्रिक संपानंतर, फिनलंड रशियन झारच्या अमलाखाली असतानाच, १९०६ साली स्त्री-पुरुष दोघांनाही मतदानाचा व उमेदवारीचा हक्क मिळाला. १९०७ च्या निवडणुकीत २०० पैकी १९ जागांवर स्त्रिया आल्या. संसदेत पोहोचलेल्या जगातल्या या पहिल्या स्त्रिया. त्यात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मीनाबाई होत्या. स्त्री म्हणून या साऱ्याजणी एक. पण मालकीण आणि मोलकरीण यांचे हित एक कसे असेल?

मध्ये खंड पडूनही त्या १९४७ पर्यंत एकूण ३८ वर्षे खासदार राहिल्या. १९२६ साली वायनो टानर यांच्या मंत्रिमंडळात समाजकल्याणाची जबाबदारी घेऊन त्या देशाच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. ते सरकार वर्षभरच टिकले. आम्हाला मंत्रिपदापेक्षा त्यांचे दुसरे काम मोठे वाटते. अविवाहित मोलकरीण गरोदर राहिली की तिची नोकरी जाई, छप्पर जाई आणि इज्जतही तिचीच जाई, पुरुष नामानिराळा! अशा माता व अर्भकांसाठी निवासगृहे हवीत, हा त्यांचा ध्यास. त्यातले पहिले गृह १९४२ साली हेलसिंकीत सुरू झाले. २०१६ पासून १ ऑक्टोबरला त्यांच्या नावाने फिनलंडमध्ये राष्ट्रध्वज फडकतो.

१८६५ चा तो कायदा १९२२ साली गेला. घरकाम करणाऱ्यांसाठीचा स्वतंत्र कायदा मात्र १९४९ साली आला. संसद सोडून मीनाबाईंना तेव्हा दोन वर्षे झाली होती. वय होते ८३.