घरून काम की कचेरीत हजेरी?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि संगणक कंपन्यांतील नोकरदार घरी बसून काम करू लागले. आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली मुलेमुलीही त्यांत होती. दीड खोलीचे घर, कोपऱ्यात आजीचे अंथरूण, मधे मांडीवर लॅपटॉप! तरीही काम अडले नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तर त्याच वर्षी जाहीर केले, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक माणसे कचेरीत लागणार नाहीत. तीच कंपनी ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस हजेरी मागू लागली. २०२४ मध्ये तिने पगाराचा बदलता भागही हजेरीला बांधला. हजेरी ६० टक्क्यांखाली गेली, की तिमाहीचा तो भाग बुडाला. अमेझॉननेही जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांचा नियम आणला.

नव्याने लागलेल्या मुलाला कचेरी बरी, हे आम्ही मानतो. घरी टेबल नाही, वीज जाते, आणि शेजारी बसणाऱ्या अनुभवी माणसाकडून शिकायला मिळते ते वेगळेच. पण तान्ह्या बाळाच्या आईचे काय? तिच्यासाठी घरून काम म्हणजे चैन नव्हे, नोकरी टिकवण्याचा तोच एक मार्ग असतो. त्यातही घरच्यांचा समज असा, की सूनबाई घरी आहे म्हणजे मोकळीच आहे. मीटिंग चालू असताना चहाची हाक येते. कंपनीशी भांडण्याआधी हा समज आपल्याच घरात मोडायला हवा, असे आम्हांला वाटते.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली, आणि त्यानंतर घरून काम देण्याची सोयही आली. नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. मेख एवढीच, की घरून काम मालक आणि बाई यांच्या संमतीवर सोडले आहे. मालक नाही म्हणाला, तर हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणून भगिनींनो, रजेवर जाण्याआधीच बोलणी करा आणि ठरेल ते लेखी घ्या. कचेरीत बोलावलेच, तर पाळणाघर विचारा. ५० किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर त्याची सोय करणे मालकाला बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आईला आहे.