एलएमएस घेताना सोडण्याचा विचार आधी

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या मरे गोल्डबर्ग यांनी १९९५ च्या सुमारास ‘वेबसीटी’ ही प्रणाली तयार करायला घेतली. नोट्स, चाचण्या, चर्चा, गुण हे सगळे एका जागी ठेवणारी ही सोय देशोदेशींच्या विद्यापीठांनी उचलली. २००६ मध्ये ब्लॅकबोर्ड या अमेरिकी कंपनीत वेबसीटी विलीन झाली आणि पुढे तिचे नावही उरले नाही. ज्या विद्यापीठांनी ती नीट पारखून घेतली होती, तिथल्या प्राध्यापकांनाही आपले अभ्यासक्रम उचलून दुसरीकडे मांडावे लागले.

अशी लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे एलएमएस, निवडताना समिती डेमो पाहते, सुविधांचा तक्ता भरून घेते आणि शेवटी सर्वांत कमी दराच्या निविदेपाशी येऊन थांबते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा. पाच वर्षांनी ही प्रणाली सोडायची वेळ आली, तर आपल्याबरोबर काय काय येईल?

‘सगळे येईल’ या उत्तरावर समाधान मानू नये. ‘कॉमन कार्ट्रिज’ नावाचा एक प्रमाणित साचा आहे. धड्यांच्या फाइली, लिंक, साध्या चाचण्या त्यातून एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात. विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या असाइनमेंट, त्यांवरचे शिक्षकांचे शेरे आणि गुण मात्र त्यात जात नाहीत. मूडल या खुल्या एलएमएसचा स्वतःचा बॅकअप हेही उचलू शकतो, पण तो नीट उघडायला पुन्हा मूडलच लागते. सर्वांत जपायची ती प्रश्नपेढी. एखाद्या विभागाने वर्षानुवर्षे खपून बहुपर्यायी प्रश्न रचलेले असतात. कोणता पर्याय का चुकीचा, हेही प्रत्येकाखाली लिहिलेले असते. हलवाहलवीत प्रश्न पोहोचले आणि स्पष्टीकरणे गळाली, तर ती मेहनत पुन्हा कोण करणार? म्हणून निविदा उघडण्याआधीच आपल्या विभागाचे शंभर प्रश्न, मराठी मजकूर आणि गणिती सूत्रांसह, प्रत्येक कंपनीच्या हाती द्यावेत. ते आत घालून पुन्हा बाहेर काढून दाखवायला सांगावे.

मालकी बदलण्याची ही भीती मूडलसारख्या खुल्या सॉफ्टवेअरला कमी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आणली, तीही जीपीएल या खुल्या परवान्याखाली. हाती आलेला कोड वापरण्याचा, बदलण्याचा हक्क उद्या कोणी सहज काढून घेऊ शकत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये मूडलच निवडले. पण परवाना मोफत म्हणून तिने हात आखडता घेतला नाही. ऑनलाइन शिक्षणाची नवी व्यवस्था उभारायला सुमारे ५० लाख पौंडांचा कार्यक्रम आखला, स्वतःचे प्रोग्रामर कामाला लावले. त्यांनी क्विझमध्ये केलेल्या सुधारणा आज जगभरच्या मूडलमध्ये आहेत.

आपल्याकडे ‘मूडल फुकट आहे’ म्हणत ते एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या अंगावर टाकले जाते. तेच प्राध्यापक शिकवणार, पेपर तपासणार आणि रात्री सर्व्हरही सांभाळणार. हे अन्यायाचे आहे, आणि ते निवृत्त झाले की सगळा डोलारा कोसळतो. पगारी माणसे नेमायची तयारी नसेल, तर सांभाळणारी कंपनी पैसे देऊन घ्यावी; त्यात कमीपणा नाही.

शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठात आणखी एक पेच असतो. प्रवेश उशिरापर्यंत चालतात, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक परीक्षा विभागाकडे तयार होतो आणि एलएमएसमध्ये नावे एक्सेलच्या फाइलींतून चढवली जातात. ही जोडणी आपोआप होत नसेल, तर उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलांची नावे पहिल्या चाचणीच्या दिवशी वर्गात दिसत नाहीत. डेमोमध्ये हे कधीच कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात एक पूर्ण सत्र प्रणाली चालवून पाहावी, मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि तिथल्याच नेटवर्कवर. आणि कराराच्या पहिल्या वर्षीच सगळा डेटा बाहेर काढण्याची एक रंगीत तालीम कंपनीकडून करून घ्यावी, तिच्या खर्चाने.