सापडलं नाही, म्हणजे नाही का?

धामणगावात संगणकांच्या नोंदींवर बोलायचं, तर सुरुवात शेतापासूनच करू. सातबाऱ्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकरीच मोबाइलवर फोटो काढून कपाशी की तूर ते कळवू लागला. कोणी येऊन पाहायचं, की ज्याचं आहे त्यानेच सांगायचं? मोठ्या संस्थेतल्या संगणकांबाबत हाच प्रश्न पडतो.

कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली, तिची आवृत्ती कोणती, ते कशाशी जोडलेलं आहे, या माहितीला कॉन्फिगरेशन डेटा म्हणतात. ती गोळा करण्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली, प्रत्येक यंत्रात ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवायचा. तो आतली खडान्‌खडा माहिती पाठवतो. घरी नेलेला लॅपटॉपही इंटरनेटवरून हजेरी लावतो. पण तो प्रत्येक ठिकाणी बसवावा लागतो, आणि प्रिंटर किंवा नेटवर्क स्विचमध्ये सहसा बसतच नाही.

दुसरी, एका ठिकाणाहून एसएसएच, डब्ल्यूएमआय, एसएनएमपी अशा मार्गांनी प्रत्येक यंत्राला विचारायचं. काही बसवायला नको. मात्र सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात येतात, आणि त्या वेळी बंद असलेलं यंत्र सुटतं.

तिसरी, नेटवर्कवरची वर्दळ नुसती ऐकायची. कारखान्यातल्या नाजूक यंत्रांना त्याने धक्का लागत नाही. पण गप्प बसलेलं यंत्र कळत नाही.

आपल्या दर्शनांच्या भाषेत हे साधारण शब्द, प्रत्यक्ष आणि अनुमान झालं. पण भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. मात्र अट आहे बरं का! घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

आता ही अट किती महाग पडू शकते ते बघा. 27 जून 2017 रोजी नोटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला. मर्स्क कंपनीचं काम जगभर कोलमडलं; आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. पुढे तिला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. पण कोणाला कुठे प्रवेश, याचा हिशेब ठेवणारे डोमेन कंट्रोलर पुसले गेले होते. वाचला तो एकच, घानामधला, कारण वीज गेल्याने तो त्या वेळी बंद होता. त्या क्षणी नेटवर्क तपासलं असतं, तर यादीत तो ‘नाही’ असाच लागला असता. आणि कंपनी सावरली ती त्याच्याच आधाराने.

तेव्हा पद्धत निवडताना ‘काय काय सापडेल?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘नाही सापडलं, तर त्याचा अर्थ काय लावायचा?’ हेही आधी ठरवायला हवं. वाटा एकत्र वापराव्यात. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या वाटेने आली आणि यंत्र शेवटचं कधी दिसलं, हे लिहावं. न दिसलेलं यंत्र लगेच खोडू नये. मग याद्या शेजारी ठेवाव्यात. नेटवर्कवर दिसतं पण एजंट नाही, अशी यंत्रं वेगळी काढावीत. कोणाचंच लक्ष नसलेलं यंत्र बहुधा तिथेच सापडतं.